चेनकव्हरची खडखड

कारखान्यानं यांना घरी पाठवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाला वाटी घेऊन दारात आल्या. विरजण हवं होतं. हे अंगणात लुंगीवर पेपर वाचत बसले होते. कामाचा दिवस, ऊन चांगलं वर आलेलं, गल्लीतले सगळे पुरुष आपापल्या वाटेला लागलेले, आणि आमचा माणूस लुंगीवर! खालांनी एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"क्या जी, भाईसाब आज घरपेच?"

यांनी पेपर खाली घेतला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण माझी जीभ मेली आधीच धावली.

"छुट्टी लिये, खाला. गाडी का काम निकाले. चेनकव्हर ढीला हो गया ना."

अगदीच खोटं नव्हतं ते. यांच्या जुन्या मोटारसायकलचं चेनकव्हर महिनाभर खडखडत होतं, सगळी गल्ली ऐकत होती. खाला "अच्छा, अच्छा" म्हणाल्या, विरजण घेतलं, तरी जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग गेल्या. हे माझ्याकडं बघत राहिले. मग पेपरची घडी घातली, उठले आणि मागच्या शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं तिथून पाने-पक्कड वाजायला लागले. मला हुश्श झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, राहू दे झाकलेली.

अंबरपेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं, पण मागं अंगण होतं आणि तिथं यांनी पत्र्याची शेड उभी केली होती. हे सरकारी कारखान्यात फिटर. हाताला दुसरा छंद नाही, की व्यसन नाही. कारखान्यातून आले की चहा घ्यायचे आणि शेडमध्ये शिरायचे. भिंतीवर फळी, फळीवर ओळीनं खिळे, खिळ्याखिळ्यावर पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. एक पाना चुकीच्या खिळ्यावर दिसला तर यांना चैन पडायचं नाही. मी देवघरातला बाळकृष्ण उचलून चुलीपाशी ठेवला असता तरी हे काही बोलले नसते, पण पाना हलवायची सोय नव्हती. लग्न झाल्यापासून मी यांच्या हातात पाने देत आले, त्यामुळं दहाचा कुठला आणि अकराचा कुठला हे मला अंधारातसुद्धा कळायचं. निदान माझी तशी समजूत होती.

मग सरकारनं बाजार खुला केला. दिलसुखनगरला रोज एक नवं दुकान उघडत होतं, कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांनी भिंती झाकून गेल्या होत्या, रस्त्यावर आवाज न करणाऱ्या नव्या गाड्या पळायला लागल्या होत्या. आणि यांच्या कारखान्यात मशिनींवर एकेक करून कापड पडत होतं. स्वखुशीनं निवृत्ती, असं त्या योजनेचं नाव. स्वखुशी कसली, जळ्ळी मेली! ज्यानं सही केली नाही त्याला रोज बोलावून विचारायचे, "काय ठरवलं?" यांनी एक दिवस ठरवून टाकलं.

पोटाला लगेच चिमटा बसेल असं काही नव्हतं. मला खात होती ती लाज. आमचं मूळ कूळ नांदेडकडचं, शेती करणारं. सासरे निजामाच्या वेळी इकडं आले. तेव्हापासून गावाकडं आमची सगळी पत एका वाक्यावर उभी होती: "हैदराबादला कारखान्यात आहेत." लग्नं याच वाक्यावर जमली. आमची मुलगी नांदेडला दिली, तीसुद्धा याच वाक्यावर. आता ते वाक्य गेलं, तर आम्ही कोण? नवराबायको दोघं, पत्र्याची शेड आणि एक खडखडती गाडी. मुलीचा फोन आला की मी एसटीडी बूथच्या काचेआड उभी राहून सांगायची, "बाबा ना? ड्यूटीवर गेलेत गं." बूथवाला ऐकत असायचा. मी पाठ फिरवून बोलायची, तरी मान तापायची.

चेनकव्हर म्हणजे साखळीवरचं पत्र्याचं झाकण. एका बोल्टवर धरलेलं. तो बोल्ट ढिला. फिटर माणसाला असं काम म्हणजे चहा उकळायच्या आत उरकायचं. पण एक आठवडा गेला, दुसरा गेला, गाडी आपली शेडमध्ये स्टँडवर. हे सकाळी अंघोळ करून, खाकी पँट चढवून शेडमध्ये जायचे, दुपारी हात काळे करून जेवायला यायचे. साबणानं हात घासताना मी बघायची. इतका काळा हात त्या बोल्टानं होत नाही हो. मुद्दाम ग्रीस फासावं लागतं. दुपारी एकदा गाडीला किक मारायचे, खडखड सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि मग बंद करायचे.

मला वाटायचं, हे लपतायत. लोकांपासून लपतायत, आणि मी त्यांना पदराखाली घेऊन बसलेय. पण कीव करावी इतकी मी गुणाची नव्हते. मला त्यांचा रागच यायचा. एवढा अंगापिंडानं धडधाकट माणूस, ज्याच्या हाताखाली कारखान्यात माणसं शिकली, तो एका बोल्टाच्या आड दडून बसलाय!

एकदा जेवताना मी बोललेच. "अहो, एवढ्याशा बोल्टाला किती दिवस?"

"आटे गेलेत त्याचे," हे ताटातून मान वर न करता म्हणाले. "अफझलगंजला जाऊन नवा आणावा लागेल."

"मग जा की!"

"जाईन."

गेले नाहीत, किंवा मला दिसलं नाही. आणि मी तरी कुठं पाठपुरावा केला? खाला भिंतीवरून विचारायच्या, "बनी क्या जी गाडी?" आणि मी झटक्यात सांगायची, "नई खाला, आटे गए कते. अफझलगंज से सामान आना है." रोज नवी ठिगळं लावत होते. खाला मान डोलवायच्या. त्यांचा थोरला सनतनगरकडं राहायचा, कसल्याशा औषधाच्या कारखान्यात होता. तो हल्ली भरदिवसा आईच्या ओट्यावर येऊन बसायचा. मी एकदा विचारलं तर खाला म्हणाल्या, "रात की पाली चल रई उसकी." मला हेवा वाटला. रात्रीची का होईना, पाळी होती त्याला.

अशात नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. गावाकडं नांगर, विळा, कुऱ्हाड मांडायचे, आमच्याकडं पाने, कानस, हातोडी आणि पक्कड. हे दरवर्षी कारखान्यात मशिनीची पूजा करून मग घरची करायचे. त्या वर्षी घरचीच. सकाळपासून एकेक पाना रॉकेलनं पुसला, चकचकीत केला, पाटावर पांढरं कापड अंथरून ओळीनं मांडला. हळदकुंकू, झेंडूचं फूल. गाडीला हार घातला. चेनकव्हरलासुद्धा कुंकू लावलं यांनी.

एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हत्याराची विश्रांती असते ती. सुतार रंधा धरत नाही, शिंपी मशीन चालवत नाही. त्या दिवशी हे अंगणात खुर्ची टाकून निवांत बसले होते. लुंगीवर! गल्लीतून कोणी गेलं की स्वतःहून हाक मारत होते. खालांच्या थोरल्याशी तर तासभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मला आधी कळेना, मग लक्षात आलं. आज सगळं शहरच रिकामं बसलेलं होतं. आज काम न करणं हाच धर्म होता, आणि यांना कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडं बघत होते आणि मला रडू येत होतं. कढीला फोडणी द्यायची होती, तिच्या धुरावर ढकललं.

दसऱ्याला सकाळी माझा धाकटा भाऊ आला. पुण्याहून बदली होऊन कॉम्प्युटरच्या कंपनीत आला होता, नवीनच. अंगाला सेंटचा वास, नवी गाडी, पाठीवर बॅग. मनाचा वाईट नाही हो तो. लहानपणी सुट्टीला आला की याच मोटारसायकलच्या टाकीवर बसून याच दाजींबरोबर हिंडायचा. इकडं दसऱ्याला पालापिट्टा दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात, निळ्या पंखांचा पक्षी. तो बघायला आणि जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची, पानं आणायला लोक माळाकडं जातात. भाऊ म्हणाला, "दाजी, माझी गाडी नको. तुमचीच काढा, पहिल्यासारखं जाऊ."

"तिचं काम आहे रे," हे म्हणाले.

"कसलं काम?" म्हणत भावानं किक मारलीसुद्धा. खडखड खडखड! हारातली फुलं उडाली. गल्लीत पानं वाटायला निघालेली माणसं थांबली, खाला ओट्यावर आल्या, त्यांचा थोरलाही आला.

भाऊ खाली वाकला, चेनकव्हर हलवून बघितलं. "एवढंच? बोल्ट ढिला झालाय नुसता." आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यानं पाटावरचा पाना उचलला. पूजेतला. उत्तरपूजा व्हायची होती अजून! वरचं फूल खाली पडलं, कुंकू त्याच्या बोटांना लागलं. मनगटाला दोन झटके दिले आणि किक मारली. गाडी गप्प. फक्त इंजिनाचा आवाज, सरळ आणि मऊ.

"झालं!" म्हणाला. "दाजी, ताई तर फोनवर म्हणत होती महिना झाला गाडीचं काम चाललंय. हे होतं होय काम?"

आणि हसला. मोकळ्या मनानं हसला, कारण त्याला यांची नोकरी गेल्याचं मी कुठं सांगितलं होतं? अंगणाबाहेरची माणसंही हसली. हेही हसले. "वा, मेव्हणे, वा," म्हणाले. पण वाकून त्यांनी ते झेंडूचं फूल उचललं, भावाच्या हातातून पाना घेतला, पाटावर होता तिथं ठेवला आणि त्याच्यावर फूल ठेवलं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

पालापिट्टा बघायला हे गेले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

दसऱ्यानंतर यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. पाने पुसून खिळ्यांना लावले आणि दाराला कडी. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. खाकी पँट दोरीवर तशीच. जेवायला हाक मारली तर "भूक नाही". खालांचा आवाज भिंतीवरून आला की डोळे मिटून घ्यायचे. गाडी बरी झाली होती, पण आता बाहेर जायचं कुठं? पहिले चार दिवस मी भावाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, त्याचं काय चुकलं? त्यानं बोल्ट पिळला. महिनाभर त्या बोल्टाला अख्खं घर टांगून ठेवलं होतं ते कोणी?

असा पडलेला माणूस बघवेना. एका दुपारी यांचा डोळा लागलेला बघून मी चपात्यांची कणीक तशीच सोडून उठले. शेडची कडी हळूच काढली. पाना घेतला आणि चेनकव्हरचा बोल्ट उलटा फिरवला. भावानं बराच आवळला होता, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. सुटला. हलवून बघितलं. खडखड. पहिल्यासारखी. मला असा आनंद झाला की सांगू नये. चला, मिळालं यांना काम! पाना खिळ्याला लावला, कडी घातली आणि शहाण्यासारखी पोळपाटाशी येऊन बसले.

संध्याकाळी भाजी आणायला मीच म्हटलं, "अहो, गाडीवरून जाऊन या ना, चालायला किती लांब." हे कुरकुरत उठले. किक मारल्याचं ऐकू आलं. खडखड. मग एकदम शांत. बराच वेळ शांत.

हे स्वयंपाकघराच्या दारात आले. एका हातात पाना, दुसऱ्या हातात बोल्ट.

"अकराचा पाना दहाच्या खिळ्यावर लावलास," म्हणाले.

"मी कशाला हात लावू तुमच्या पान्यांना?"

यांनी बोल्ट माझ्यापुढं धरला. त्याच्या डोक्याला कणीक वाळून चिकटली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खाली मान घातली. वाटलं, आता भडकतील. आयुष्यात कधी भडकले नव्हते, पण आज भडकले असते तर बरं झालं असतं.

"तुमचा वेळ जात नव्हता," मी कसंबसं म्हणाले. "म्हटलं, काहीतरी काम असलं म्हणजे... लोकांपुढं जरा..."

हे उंबऱ्यावर बसले. खिशातून एक पुडी काढली. आत कोरा करकरीत बोल्ट, वायसरसकट.

"पहिल्याच आठवड्यात आणलाय अफझलगंजहून."

"मग बसवला का नाही?"

"तू खालांना सांगितलं होतंस ना, गाडीचं काम चाललंय म्हणून. बसवला असता तर दुसऱ्या दिवशी काय सांगितलं असतंस तू?"

मी पदराला हात पुसले.

"मी त्या दिवशी सांगणारच होतो त्यांना, नोकरी गेली म्हणून. आपण काय कोणाच्या घरी दरोडा घातला होता? पण तू बोललीस. म्हटलं, हिला लाज वाटतेय माझी. तर राहू दे हिच्या मनासारखं." हे बोल्टाकडं बघत म्हणाले, माझ्याकडं नाही. "ग्रीस निघता निघत नव्हतं बघ हाताचं."

अगं आई गं. मी महिनाभर समजत होते की मी यांची लाज झाकतेय. लाज माझी होती, आणि ती झाकायला हा माणूस रोज सकाळी पँट चढवून हाताला काळं फासत होता. मला त्यांच्याकडं बघवेना. परातीतली रात्रीची कणीक मळत राहिले, मळून झालेली होती तरी.

हे उठले. शेडमध्ये जाऊन नवा बोल्ट बसवला, पाना त्याच्या खिळ्याला लावला आणि गाडी ढकलत पुढच्या दारी आणली. मी पिशवी द्यायला मागोमाग गेले. खाला ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. किक मारली, गाडी गुपचूप चालू झाली.

"बन गई क्या जी गाडी?" खालांनी विचारलं.

यांनी गाडी बंद केली आणि माझ्याकडं बघत थांबले. त्या पहिल्या दिवशी माझी जीभ धावली होती, आज टाळ्याला चिकटून बसली. पिशवीचे बंद मी मुठीत गच्च धरले होते.

"बन गई, खाला," मी म्हणाले. "गाडी का कामइच नई था. इनकी नौकरी गई. महिना होके गया. मैं झूट बोली तुमकु."

खालांचा सुपातला हात थांबला. मला वाटलं हसतील, नाहीतर "मालूम था" म्हणतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"मेरे बडे का कारखाना बी उसीच हफ्ते बंद हुआ, बेटा," म्हणाल्या. "विरजण तो घर में था मेरे. मैं वोइच बोलने कु आई थी. तुम छुट्टी बोले तो मैं बी चुप बैठ गई."